जालना, परभणी, नांदेड, लातूर: मर्चंडायझिंगच्या ट्रेनिंगमधला नऊ दिवसांचा ब्रांच दौरा

आधीच सांगते, यात वेरूळ नाही, अजिंठा नाही, बीबी का मकबरा पण नाही. मे महिन्याच्या उन्हात मजा म्हणून कुणी परभणीला जात नसतं. मी गेले कारण कॉलेजला आठ आठवड्यांचं ट्रेनिंग कंपल्सरी होतं आणि मुंबई-बंगलोरला केलेल्या अर्जांना कुणी साधं उत्तर पण दिलं नाही, मग मामांच्या ओळखीतून संभाजीनगरच्या (घरात अजून औरंगाबादच म्हणतो, तोंडात बसलंय) एका कपड्यांच्या दुकानसाखळीत चिकटले. नाव लिहीत नाही, कारण थोडी कुरकुर पण येणारे पुढं. मी मूळची अंबाजोगाईची, पुण्यात फॅशन मर्चंडायझिंग शिकते. गावाकडं कुणी विचारलं की "शिवणक्लास का?" म्हणतात, मी हो म्हणून टाकते.

मर्चंडायझिंग म्हणजे काय ते एका वाक्यात: कुठला माल, किती नग, कुठल्या साईझमधे, काय भावात, कुठल्या दुकानात आणि कधी, हे ठरवणं. पहिले चार आठवडे मी यातलं काहीच ठरवलं नाही. बारकोड चिकटवले, माल आला की सोबतच्या चलानाशी (म्हणजे मालाच्या यादीशी) नग ताडून बघितले, एक्सेलमधे रकाने भरले. ज्यांना वाटतं की पहिल्या दिवशी कलर पॅलेट वगैरे हातात देतील त्यांनी ते डोक्यातून काढून टाका. पण नग मोजायचं काम मन लावून करा, कारण पाचशे टॅग हाताखालून गेल्यावर भावाचं डोकं आपोआप यायला लागतं. मलाच एक दिवस प्रश्न पडला की आमच्याकडं २,६०० पर्यंतचे टॅग आहेत, नंतर एकदम २,९९९, मधलं काहीच का नाही? तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्यावर १८ टक्के. म्हणजे करासकट २,६२५ पर्यंत पहिला टप्पा आणि दुसरा सुरूच होतो २,९५० च्या पुढं, मधल्या टापूत किंमत बसतच नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, स्टिकर लावता लावता विचारलं म्हणून कळलं.

मधल्या एका रविवारी पैठणला जाऊन आले. पन्नासेक किलोमीटर, एसटीत बायकांना अर्धं तिकीट, सकाळी लवकर निघा नाहीतर परत येताना भाजून निघाल. तिथं हातमागावर पैठणी विणताना बघितली की मग दुकानातल्या 'सेमी पैठणी'च्या ढिगाकडं बघायची नजर बदलते. काठातला मोर छापलेला नसतो, भरतकाम पण नसतं, वेगवेगळ्या रंगांचे धागे हातानं अडकवत तिथल्या तिथं विणलेला असतो, त्यामुळं उलट्या बाजूनं पण जवळपास तसाच दिसतो. साडी उलटी करून बघा, मागं सुट्या दोऱ्यांचं जंजाळ लोंबत असलं तर ती अशी हातानं विणलेली पैठणी नव्हे. येवला आणि पैठणच्या पैठणीला २०१० पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. आमच्या दुकानात लोक सेमीच मागतात आणि त्यात मला काही वाईट दिसत नाही, फक्त सेल्समननं ती ओरिजिनल म्हणून खपवू नये एवढंच.

आता मुख्य गोष्ट. पाचव्या आठवड्यात मी ऑफिसमधल्या आमच्या सरांना मोठ्या ऐटीत रिपोर्ट दाखवला: एका कुर्तीचे ४० नग पाठवले, चार आठवड्यांत २६ गेले, म्हणजे सेल-थ्रू (पाठवलेल्यातला विकला गेलेला हिस्सा) ६५ टक्के, छान चाललाय माल, शिल्लक १४ म्हणजे अजून दोन आठवडे पुरेल. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, साईझ काढ. काढल्या. पाठवलेले एस ८, एम १२, एल १२, एक्सएल ८. विकलेले एस १, एम ५, आणि एल अन् एक्सएल सगळेच्या सगळे, ते पण दुसऱ्या आठवड्यातच! म्हणजे पुढचे दोन आठवडे दुकानात फक्त अशी कुर्ती लटकत होती जी कुणाला होत नव्हती. "बाई, तू आकडे वाचायलीस, दुकान बघ आधी. चल, सोमवारी दौऱ्यावर निघू," सर म्हणाले.

जालना, परभणी, नांदेड तिन्ही एकाच रेल्वे लाईनवर आहेत त्यामुळं तिथपर्यंत गाडीनंच जा, सॅम्पलच्या बॅगा घेऊन बसमधे चढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. नांदेडवरून लातूर मात्र एसटीनं, लोहा-अहमदपूर-चाकूर करत, चारेक तास धरून चला. मोजपट्टी, कटर, मार्कर, वही आणि सपाट तळव्याचे बूट एवढं जवळ पाहिजेच. मी पहिल्या दिवशी बारीक हिलची सँडल घातली होती, फॅशनचं शिकतो ना आपण, संध्याकाळी स्टॉकरूममधल्या गठ्ठ्यांवर पाय वर करून पडले होते.

जालना. 'जालना, सोने का पालना' असं आजोबा म्हणायचे, मला तर पालनाबिलना काही दिसला नाही, पण तिथं मी माझा सगळ्यात मोठा गाढवपणा केला तेवढा लक्षात आहे. दर्शनी भिंत लावायचं काम सरांनी माझ्यावर सोडलं. कॉलेजमधे शिकवलेलं सगळं वापरलं, पुतळ्यांना काळे आणि राखाडी गाऊन, मागं सोनेरी पडदा, वरून एकच लाईट, फोटो तर असा आला की मी स्टेटसला ठेवला. दुपारपर्यंत लोक पायरीपर्यंत येऊन आत डोकावायचे अन् पुढं जायचे. शेवटी झाडूपोछा करणाऱ्या मावशीच बोलल्या, "ताई, लग्नसराईत दारात काळं कशाला लावलंव? संक्रांत हाय का?" मॅनेजर दादांना सकाळपासून कळत होतं, पण हेड ऑफिसकडून आलेल्या पोरीला कसं सांगायचं म्हणून गप्प. तासाभरात राणी, हळदी, मोरपंखी लावलं. फरक पडला का, तर हो, पडला. तेव्हापासून कुठल्याही ब्रांचला गेले की डिस्प्लेला हात लावायच्या आधी मावशींना विचारते, तुम्ही पण विचारा.

परभणी म्हणजे 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. लॉजचा कूलर बिनपाण्याचा निघाला, नुसती गरम हवा फेकत होता, त्यामुळं झोपेचं खोबरं. (खोली घेण्याआधी कूलर चालू करून पाच मिनिटं समोर उभं राहा, लाजू नका.) दुपारी एक ते पाच दुकानात चिटपाखरू नसतं, पण हाच वेळ आपला, स्टाफशी बोलायचं तर तेव्हाच बोला, संध्याकाळच्या गर्दीत प्रश्न विचारायला गेलात तर तोंडावर कुणी बोलणार नाही पण मनातून शिव्या देतील. तिथं ट्रायल रूमवर बसणारी एक ताई होती, बारावी झालेली, पगार सगळ्यांत कमी. आमच्या रिपोर्टमधे एक प्रिंटेड ड्रेस 'स्लो' म्हणून लाल केलेला होता आणि सेलमधे काढायचं चाललं होतं. ती म्हणाली, "स्लो कुठं ताई, रोज पाच-सहाजणी घालून बघायल्यात, पण काखेत धरायलाय." पट्टी काढून मोजलं तर एलचा मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) एमएवढाच! कारखान्यात ग्रेडिंग करताना, म्हणजे एका साईझवरून पुढच्या साईझची मापं काढताना, छाती वाढवली, मुंढा तसाच ठेवला. डिझाइन चांगलं, कापड चांगलं, भाव बरोबर, आणि आम्ही ते तोट्यात काढायला निघालो होतो. सरांनी तिथूनच माल देणाऱ्याला फोन लावला.

नांदेडला मी बस्ता बघितला. तसे घरच्या लग्नांचे बघितलेत, पण काउंटरच्या या बाजूनं पहिल्यांदाच. सकाळी अकराला दोन जीपा भरून देगलूरकडचे सतराजण उतरले. साडीच्या मजल्यावर गादीवर बैठक, आधी गार पाणी, मग चहा, मालाचं नाव कुणी काढत नाही. पहिल्या दहा मिनिटांत सेल्समन मामा दोन माणसं हेरतात, एक ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि दुसरं ज्याच्या मानेवर सगळं ठरतं, आणि ही दोन माणसं कधीच एक नसतात म्हणे. इथं मान आत्याबाईंची होती. मानपानाच्या साड्या आधी, तीनशेवाल्या इतक्या, सहाशेवाल्या इतक्या, त्यात विहीणबाईंच्या घरच्यांना कुठली जाणार याच्यावर अर्धा तास खल, मग नवरीचा शालू, मग पोराटोरांचे कपडे, नवरदेवाची शेरवानी. बस्ता म्हणजे पाच डिपार्टमेंटचं एकच बिल असतं, आणि एका ठिकाणी अडलं की उरलेल्या चार ठिकाणी पण अडतं.

अडलं करवल्यांच्या ड्रेसवर. सहा करवल्या, सहाजणींना एकाच रंगाचे पाहिजेत. आमच्याकडं त्या ड्रेसचे आठ रंग, पण एका रंगात साईझला एकच नग, आणि सहापैकी चारजणींना एल किंवा एक्सएलच लागत होतं. गोळाबेरीज करून एका रंगात चारजणींची सोय झाली. मामा म्हणाले दोघींना वेगळ्या रंगात देतो ना आत्या. आत्याबाई म्हणाल्या, "नको बाबा, रुसवेफुगवे कोण काढूलालंय मग? सहा लेकरं हायत, चारच ड्रेस घेऊन काय दोघींना घरी ठेवू का?" आणि साड्यांचं बिल तेवढं केलं, लेकराबाळांचे अन् शेरवानी घ्यायला पलीकडच्या दुकानात गेले. आठ रंगांची ती प्लॅनिंगची शीट हेड ऑफिसमधे मी स्वतः भरली होती, भरपूर व्हरायटी दिसावी म्हणून. संध्याकाळी कॉम्प्युटरवर बघितलं तर त्या दिवसाची विक्री चांगलीच दिसत होती. जे सहा ड्रेस, शेरवानी आणि पोरांचे कपडे गेले नाहीत ते कुठंच लिहिलेले नव्हते, लिहिणार कोण, बिल झालं तरच नोंद होते ना.

त्या रात्री गुरुद्वाऱ्यात लंगरमधे जेवलो, सचखंडला गेलात तर डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा आणि जेवून या नक्की. परत येताना चाळीस पानी वही घेतली आणि वर लिहिलं 'नाही वही'. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपण 'नाही' म्हणालो ते सगळं त्यात, वस्तू, साईझ, रंग, किती वाजता. दुसऱ्या दिवशी नांदेडच्याच दुकानात एका दिवसात अडीच पानं भरली. एक्सएल आणि डबल एक्सएल कुर्त्या, मोठ्या घेराचे लेगिंग, पाच वर्षांच्या पोरासाठी धोतर-कुर्ता, आणि साधं पांढरं परकराचं कापड जे आम्ही 'जुनाट' म्हणून गेल्या वर्षी बंद केलं होतं. सरांना दाखवलं, ते काही बोलले नाहीत, फक्त वही घेऊन बसमधे अहमदपूरपर्यंत वाचत बसले.

लातूरला सकाळी सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाऊन गंजगोलाईत चक्कर मारा, देवीच्या देवळाभोवती गोल बाजार आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात, मी दोनदा चुकले. इथली गंमत म्हणजे लग्नाचा माल उतरणीला लागतो तेव्हा दुसराच सीझन सुरू होतो, जूनमधे क्लासेसची पोरं बाहेरगावाहून येतात, आईबाप सोबत, आणि ट्रॅकपँट, टीशर्ट, चादरी, टॉवेल असं एकदम घेतात. आमच्या प्लॅनमधे लातूरला आणि जालन्याला जूनचा माल सारखाच लावलेला होता. हे पण वहीत गेलं.

कुरकुर म्हणाल तर स्टायपेंड. तोंडी एक ठरलं होतं, हातात दुसरं आलं, आणि दौऱ्याचा जेवणखर्च मी आधी भरायचा हे मला गाडीत बसल्यावर कळलं. म्हणून सुरुवातीलाच कॉलेजचं पत्र देताना कामाचे तास, सुटी, पैसे, प्रवासखर्च लेखी घ्या, ओळखीतून गेला असाल तर जास्तच घ्या. राहायला संभाजीनगरात मुलींचं हॉस्टेल ऑफिसच्या जवळ बघा, स्वस्त पडतं म्हणून लांबचं घेतलं तर दुकान रात्री साडेनऊला बंद झाल्यावर रिक्षात सगळं वसूल होतं.

परत आल्यावर दिवाळीच्या मालाची शीट बसलो भरायला. नांदेडचं रेशो एस-एम-एल-एक्सएल १-२-२-१ होतं, ते १-२-३-३ केलं, करवलीवाल्या ड्रेसचे आठ रंग कापून तीन ठेवले आणि प्रत्येक रंगात नग वाढवले. सर म्हणाले, अंगावर आलं तर तुझं नाव सांगीन. दिवाळीला मी तिथं नसणारे, काय झालं ते कळवायला सांगून आलेय.

वही मी लातूरच्या दुकानातच ठेवली, कारण तिथून घर तासा-दीड तासावर आणि तो माझा दौऱ्याचा शेवटचा दिवस होता. बिलिंगच्या खालच्या खणात आहे, निळ्या कव्हरची. काउंटरवरची ताई अजून भरते, परवा फोटो पाठवला तिनं, सत्तावीस पानं झालीत. तुमच्यापैकी कुणी त्या ब्रांचला ट्रेनिंगला गेलात तर नवीन वही घेऊन जा, आणि पेन पण, तिथला एकच आहे आणि तो मॅनेजर दादा सुतळीनं बांधून ठेवतात.