तुम्ही विचारलंत म्हणून : डेन्व्हरच्या अंगणात ॲस्पेन लावावं का?

सप्टेंबरअखेर कोलोरॅडोतल्या केनोशा पास घाटावरून ॲस्पेनच्या झाडांनी पिवळेधमक झालेले डोंगर बघून आलेली मंडळी हमखास विचारतात, हे झाड आपल्या अंगणात का नको? घर डेन्व्हर, ऑरोरा नाहीतर पार्करला. नर्सरीत दाराशीच तीन खोडांचं ॲस्पेन उभं असतं, वाऱ्याची झुळूक आली की पिंपळासारखं सळसळतं, आणि हात खिशाकडे जातो.

लावा, पण ते 15-20 वर्षंच टिकेल या बोलीवर लावा आणि हिरवळीत अजिबात लावू नका.

कोलोरॅडोत हे झाड मुळात साधारण 7,000 ते 11,000 फुटांवरचं, डेन्व्हर 5,280 फुटांवर. वर उन्हाळ्यातही रात्री गार, जमीन सैल, किंचित आम्ल आणि पालापाचोळ्याने झाकलेली. खाली जड चिकणमाती, तीही चुनखडीच्या अंशाची, आणि जुलैत 95 अंश फॅरनहाइटचा तडाखा. या ताणाने झाड आधी खचतं आणि मग रोग-किडी चढतात. म्हणून औषधांआधी जागा आणि पाणी बघा.

जागा घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची. पश्चिमेच्या भिंतीवरून परतणारी दुपारची झळ याला सोसत नाही. हिरवळ नको, कारण तिथे दर दोन-तीन दिवसांनी स्प्रिंकलर चालतो, चिकणमाती ओलीच राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. वर खताचा नत्र मिळून फांद्या लुसलुशीत वाढतात, ट्रिमरची दोरी बुंध्याची साल सोलते, आणि तण मारणाऱ्या लॉन-खतातलं डिकॅम्बा हे तणनाशक मुळांवाटे थेट झाडात जातं.

डोंगरातून खणून आणलेलं झाड स्वस्त मिळतं, पण घेऊ नका. त्याला एका लांब आडव्या मुळाचा तुकडा तेवढा असतो, तंतुमुळं जवळजवळ नसतातच. कुंडीत वाढवलेलंच घ्या. तीन खोडांचा झुबका म्हणजे पुष्कळदा एका कुंडीत कोंबलेली तीन वेगळी रोपं. पुढे खोडं जाड झाली की बुडाशी एकमेकांना घासतात. एकाच खोडाचं बरं.

खड्डा मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, म्हणजे हुंडीच्या, तिप्पट रुंद, खोली मात्र हुंडीपेक्षा इंचभर कमीच. खोड जिथे पसरून मुळांत उतरतं ती जागा मातीच्या वर दिसायला हवी. कुंडीत ती बऱ्याचदा दोन-तीन इंच गाडलेली असते, तेवढी माती आधी काढा. गोल फिरलेली मुळं कापा. खणलेली मातीच परत भरा. नुसत्या कंपोस्टने भरलेल्या खड्ड्यातून मुळं बाहेर पडायला बघत नाहीत. वर वुड चिप्सचं तीन इंच आच्छादन द्या, पण ते खोडाला टेकू देऊ नका.

पाण्याचा हिशेब असा: खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला एका वेळी 10 गॅलन. दोन इंची खोडाला 20. पुढचं पाणी देण्याआधी चार-सहा इंच खोल माती चाचपा. ओली असेल तर थांबा. लोक विसरतात ते हिवाळ्याचं पाणी. ऑक्टोबर ते मार्च कोरडे गेले तर महिन्यातून एक-दोनदा, तापमान 40 अंश फॅरनहाइटच्या वर आणि जमीन गोठलेली नसताना, भर दुपारी द्या. पाणी पानांवर उडू देऊ नका. ओला वसंत आणि भिजकी पानं जमून आली की मार्सोनिना या बुरशीचे काळपट ठिपके पडतात आणि शरदातला रंग गेलाच म्हणून समजा. गळलेली पानं झाडून टाका. बुरशी त्यांच्यातच हिवाळा काढते.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. लोह सल्फेट चुनखडीच्या मातीत अडकून बसतं, ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, चालतं. त्याआधी पाणी जास्त होत नाही ना, ते बघा.

शहरातल्या ॲस्पेनची खरी वैरीण ऑयस्टरशेल ही खवले कीड. सालीवर करड्या-तपकिरी, स्वल्पविरामाएवढ्या शिंपल्या चिकटलेल्या दिसतात. साल खडबडीत झाली असं समजून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात आणि एक दिवस अख्खी फांदी वाळते. शिंपलीखाली अंडी असतात, त्यामुळे एरवीची फवारणी वरूनच ओघळते. मुळांशी ओतायचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही हिला लागू पडत नाही. झाड निद्रिस्त असताना प्लास्टिकच्या घासणीने खोड हलक्या हाताने घासा, अर्धं काम तिथेच होतं. मग मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर पडतात तेव्हा हॉर्टिकल्चरल ऑइल, म्हणजे झाडांवर फवारायचं तेल, मारा. पिल्लं आली का हे कळायला फांदीला दुहेरी चिकटपट्टी गुंडाळा आणि भिंग घेऊन बघा. पिवळे ठिपके दिसू लागले की तीच वेळ.

सायटोस्पोरा कँकर या सालीच्या बुरशीजन्य रोगाला औषध नाही. साल नारिंगी-तपकिरी होऊन खचते, डिंकासारखा स्राव येतो. कोरड्या हवेत फांदी निरोगी लाकडापर्यंत कापा. मुख्य खोडाला या रोगाचा चहूबाजूंनी वेढा पडला तर आशा सोडा.

पुण्या-महाबळेश्वरहूनही कुणी विचारतं. तिथे नको. याला हिवाळ्याची दीर्घ, कडक झोप लागते. पंजाब-हरियाणातल्या शेतांतलं पॉपलर ही निराळी जात आहे.

राहिले फुटवे. युटातलं पांडो नावाचं ॲस्पेनचं रान म्हणजे 106 एकरांवर पसरलेलं एकच झाड, सगळी खोडं एका मुळावरची. तुमच्या अंगणातही ॲस्पेनची सवय तीच. मूळ झाडापासून 20-30 फुटांवर, शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडेही कोंब येतात. त्यांवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलंत तर ते मुळातून मोठ्या झाडात जातं. माती जराशी उकरून कोंब मुळापासून छाटा, हिरवळीतले मोवरखाली जाऊ द्या.

झाड तोडाल तेव्हा फुटव्यांचा पूर येतो, कारण वरून उतरणारी संप्रेरकं थांबतात आणि मुळांतल्या कळ्या जाग्या होतात. तोडल्यावर काही मिनिटांतच ओल्या बुंध्याच्या कडेला, सालीलगतच्या कड्यावर, ग्लायफोसेट ब्रशने लावा. मात्र जवळपास दुसरं ॲस्पेन असेल, शेजाऱ्याचंही, तर हे करू नका, कारण मूळ एकच असू शकतं. तेव्हा दोन-तीन हंगाम, मुळांतला साठा संपेपर्यंत, कोंब कापत राहणं एवढंच हाती उरतं.