वाचनालयाचा सर्व्हर आणि एक स्पेस

बुधवारी संध्याकाळी ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अगं, स्कॅन सेव्हच होत नाहीयेत. फक्त वाचता येईल म्हणतोय तो." गुरुवारी सकाळी दुसरा फोन. वाचन कक्षातल्या कॉम्प्युटरवर बसून आमच्या एका काकांनी १४० फायलींची नावं बदलली होती. आणि हा कॉम्प्युटर तर मी मंगळवारी रात्रीच सर्व्हरच्या यादीतून काढून टाकला होता! ज्याला लिहायची परवानगी दिली त्याला लिहिता येईना, आणि ज्याला दारातच अडवलं तो आत जाऊन कपाट आवरून आला. मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे हे कुणाला सांगायचीही लाज.

थोडं मागे जाते. इंदूरला रामबागेजवळ आमचं छोटं मराठी वाचनालय आहे. जुने दिवाळी अंक, सभांची हस्तलिखित इतिवृत्तं, आणि एका घराण्याने देऊन ठेवलेले मोडीतले थोडे कागद, असा ऐवज कपाटात पडून होता. अंकांचे कागद इतके ठिसूळ झाले होते की पान उलटलं की कोपरा हातात. म्हणून स्कॅन करायचं ठरलं. पहिले दोन महिने सगळं पेन ड्राइव्हवर चाललं. तीन पेन ड्राइव्ह होते. त्यातला एक कुणाच्या तरी पर्समध्ये गेला तो आजतागायत गेलाच. मग सगळं एका जागी ठेवायला सर्व्हर हवा असं मीच बोलून बसले, आणि बोलणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं.

एका सभासदाने जुना डेस्कटॉप दिला, चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम. आरएनटी मार्गावरून ४ टीबीच्या दोन डिस्क आणल्या, डेबियन लिनक्स टाकलं, दोन्ही डिस्क रेड-१ मध्ये जोडल्या, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. पहिली जुळणी पूर्ण व्हायला अख्खी रात्र गेली. इंदूरच्या सात मजली राजवाड्यावरून यंत्राचं नाव ठेवलं राजवाडा. चिटणीस काका म्हणाले, "सात मजले कुठायत?" म्हटलं, दोन डिस्क आहेत, तेवढ्यात भागवा.

पहिला अडथळा सर्व्हरचा नव्हताच, तारेचा होता. ए-४ आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की न दाबलेली टिफ फाईल सुमारे १०० एमबीची होते. गिगाबिट नेटवर्कवर ती सेकंदाभरात जायला हवी. आमच्याकडे नऊ सेकंद लागत होते. वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. मी सर्व्हरची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसले, आणि मग सहज स्विचकडे पाहिलं तर दिव्याचा रंगच वेगळा. भिंतीतून टाकलेल्या तारेचं टोक उघडलं तेव्हा आठपैकी चारच तारा जोडलेल्या! गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोन जोड्यांवर १०० मेगाबिटच्या पुढे गाडी जात नाही. तार टाकणाऱ्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, चार में भी नेट तो चल रहा था ना?" चालत होतं, हे खरं. मी स्वतः क्रिम्पिंगची, म्हणजे तारेला कनेक्टर बसवायची, पक्कड विकत घेतली आणि दोन कनेक्टर वाया घालवून तिसरा बसवला.

आता मुख्य गोष्ट. स्कॅनिंगचा कॉम्प्युटर आणि वाचन कक्षातला, दोन्हींवर उबुंटू लिनक्स होतं, म्हणून एनएफएस निवडलं, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरायची पद्धत. सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ साली आणलेली ही पद्धत आजही लिनक्सवर सगळ्यात कमी कटकटीची आहे. सर्व्हरवर ईटीसी या फोल्डरमध्ये एक्सपोर्ट्स नावाची फाईल असते. तिच्यात एका ओळीत तीनच गोष्टी: कोणता फोल्डर, कोणाला, आणि कंसात कोणत्या अटींवर. आरडब्ल्यू म्हणजे वाचा-लिहा, आरओ म्हणजे फक्त वाचा. चाचणीच्या दिवसांत मी अख्ख्या नेटवर्कला आरडब्ल्यू देऊन टाकलं होतं आणि दोन्ही कॉम्प्युटरवर फोल्डर कायमचा माउंट करून, म्हणजे आपल्याच डिस्कवर असल्यासारखा जोडून, ठेवला होता. सगळं छान चाललं होतं.

मंगळवारी रात्री मी दारं बंद करायला बसले. जुनी ओळ पुसली. नवीन लिहिली: दफ्तर फोल्डर, १९२.१६८.१.२० म्हणजे स्कॅनिंगचा कॉम्प्युटर, आरडब्ल्यू. वाचन कक्षाचं नंतर बघू, तोवर तो बाहेर. आणि फाईल सुबक दिसावी म्हणून मी पत्ता आणि कंस यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा सोडली. रांगोळीचे ठिपके जुळवावेत तसे रकाने जुळवले. सर्व्हिस रीस्टार्ट केली, काही तक्रार आली नाही, मी घरी.

बुधवारी ताईंचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं आलं ते डिस्कचं. डिस्कमध्ये बिघाड झाला की लिनक्स ती आपणहून फक्त-वाचा अवस्थेत टाकतं, हे मला माहीत होतं. थोडं माहीत असलं की असं होतं. तासभर स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे देते ते, आकडे वाचले, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश चाळले, रेडची स्थिती पाहिली. दोन्ही डिस्क ठणठणीत. सर्व्हरवर बसून त्याच फोल्डरमध्ये फाईल बनवली, बनली. रात्री दहाला कुलूप लावून निघाले, येताना सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला, तोही बेचव लागला.

गुरुवारी काकांचं प्रकरण कळलं आणि तेव्हाच गाठ सुटली. दोन घटना वेगवेगळ्या नव्हत्या, एकीची उलटी बाजू दुसरी होती. सर्व्हरवर एक्सपोर्टएफएस ही आज्ञा व्ही लावून चालवली, म्हणजे सर्व्हरला आपलं लिहिलेलं काय समजलंय ते तो दाखवतो. दोन नोंदी दिसल्या. स्कॅनिंगचा पत्ता, आरओ. आणि त्याखाली, टोकदार कंसात, 'वर्ल्ड', आरडब्ल्यू. वर्ल्ड! म्हणजे अख्खं जग.

झालं असं की या फाईलमध्ये स्पेस म्हणजे पुढचा पाहुणा. पत्त्याला कंस चिकटून असेल तर त्या अटी त्या पत्त्याच्या. मध्ये स्पेस पडली की पत्ता एकटा राहतो, त्याला काहीच अटी नाहीत म्हणून ठरलेली म्हणजे फक्त-वाचा ही अट मिळते, आणि कंस बिनमालकाचा होऊन सगळ्यांना लागू होतो. सर्व्हरने हे सांगितलंही होतं. लॉग उघडून पाहिला तर मंगळवारच्या रात्रीची सूचना तिथे जशीच्या तशी होती: या पत्त्याला काही पर्याय दिलेले नाहीत, कंस चिकटवून लिहा. रीस्टार्ट केल्यावर ती पडद्यावर न येता लॉगमध्ये जाते, आणि लॉग मी वाचला नव्हता. आता मी एक्सपोर्टएफएस हातानेच चालवते, म्हणजे जे काही बोलायचं ते तो तोंडावर बोलतो.

पण स्पेस काढून टाकल्यावरही एक प्रश्न उरला होता. चला, जगाला दार उघडं होतं हे मान्य. तरी फायली तर स्कॅनिंगच्या खात्याच्या मालकीच्या होत्या, मग काकांच्या खात्याला नावं बदलता आलीच कशी? याचं उत्तर मला जास्त झोंबलं. एनएफएस साध्या पद्धतीने चालवलं की सर्व्हर माणसाला ओळखत नाही. समोरचं यंत्र खात्याचा जो आकडा सांगेल तो तो खरा धरतो. उबुंटूवर तयार होणाऱ्या पहिल्या खात्याचा आकडा नेहमी १००० असतो. स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरवर ताई १०००, वाचन कक्षात काका १०००, राजवाड्यावर मी १०००. सर्व्हरच्या लेखी आम्ही तिघं एकच माणूस होतो. लग्नात दारावर "मुलाकडचे की मुलीकडचे?" एवढंच विचारतात, नाव कोणी विचारत नाही, आणि मग पंगतीत कोण कोण जेवून जातं! तसंच हे.

म्हणून दोन वेगळ्या गोष्टी केल्या. स्कॅनिंगसाठी ताईंच्या कॉम्प्युटरवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे, २००१ आकड्याचं खातं उघडलं आणि जुन्या फायली त्याच्या नावावर केल्या. वाचन कक्षाला वेगळी ओळ दिली, आरओ आणि सोबत ऑल स्क्वॉश. म्हणजे तिथून कोणीही, कोणत्याही आकड्याने आलं तरी सर्व्हर त्याला एकच अनोळखी पाहुणा समजणार. चाचणी म्हणून ताईंना तिथे बसवलं आणि म्हटलं, एक फाईल पुसून दाखवा. त्यांनी आधी मनापासून नकार दिला, मग डोळे मिटून डिलीट दाबलं. नाही पुसली गेली.

सरसकट सगळ्यांना स्क्वॉश करा, असं मी म्हणत नाही. रूट स्क्वॉश, म्हणजे यंत्रावर सगळे अधिकार असलेल्या रूट खात्यापुरतं स्क्वॉश, मात्र आपोआप चालू असतं आणि ते तसंच राहू द्यावं. यंत्राचा रूट वापरकर्ता सर्व्हरवर ६५५३४ या आकड्याचा 'नोबडी' होतो, त्यामुळे सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, केली तरी कॉपी होत नाही आणि माणूस चिडतो. शाळेतल्या एका सहकाऱ्याने लगेच सुचवलं, "नो रूट स्क्वॉश टाक ना, मिटलं." मिटलं खरं, पण मग जोडलेल्या कोणत्याही यंत्राचा रूट तो सर्व्हरच्या फोल्डरचाही रूट. नाही टाकलं.

पत्त्यांवर भरवसा ठेवायचा तर पत्ते स्थिर हवेत, हे मे महिन्यात कळलं. दुपारी वीज गेली, आली, राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि स्कॅनिंगचा कॉम्प्युटर २० चा २३ झाला. 'सर्व्हरने प्रवेश नाकारला'. आता राउटरमध्ये प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासमोर, त्याचा आयपी राखून ठेवलाय, राजवाड्याचा तर त्याच्यावरच पक्का केलाय. वाचायला येणाऱ्यांच्या मोबाइलसाठी वेगळं गेस्ट वायफाय काढलं, नाहीतर सगळे फोन त्याच नेटवर्कात. फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या चाळणीत, फक्त २०४९ हा पोर्ट, म्हणजे एकच दार, उघडा आणि तोही घरच्याच नेटवर्कला. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीला तेवढा एकच पुरतो. तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि वर आणखी फिरते पोर्ट लागतात, त्या भानगडीत पडले नाही. कोणी मुद्दाम आपल्या लॅपटॉपला २० चा पत्ता देऊन आला तर? येऊ शकेल. त्यावर खरा इलाज कर्बेरोस, म्हणजे येणाऱ्याची ओळख पटवून घेणारी व्यवस्था, पण पाच यंत्रांच्या वाचनालयात तो लावणं म्हणजे दोन खोल्यांच्या घराला दरवान ठेवणं. वायफायचा पासवर्ड आणि स्विचच्या कपाटाला कुलूप, एवढ्यावर आम्ही थांबलो.

वीज जाते तेव्हाची आणखी एक गंमत. लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो, सर्व्हर बंद, आणि फोल्डर उघडायला गेलं की पडदा गोठतो. ताई घाबरून बटण दाबून बंद करायच्या. करू नका म्हटलं. माउंट हार्ड प्रकारचा आहे, तो सर्व्हरची वाट बघत राहतो आणि राजवाडा परत आला की जिथे होता तिथून पुढे चालू. आता यूपीएस आहे, तरी हे वाक्य ताईंनी मॉनिटरला चिकटवून ठेवलंय: "वाट बघतोय, बंद करू नये."

चिटणीस काकांच्या विंडोजचं थोडक्यात. त्यांच्या होम आवृत्तीत एनएफएसचा क्लायंट, म्हणजे त्याला जोडून घेणारा प्रोग्रॅम, नाही, म्हणून हिशेबाच्या वेगळ्या फोल्डरसाठी सांबा लावलं, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम. इथे मात्र सर्व्हर माणसाचं नाव आणि पासवर्ड विचारतो. सांबाचा पासवर्ड वेगळा ठरवावा लागतो, लिनक्सचा चालत नाही, यात माझी अर्धी दुपार गेली. उरलेली अर्धी विंडोजने जुनं नाव धरून ठेवलं होतं त्यात.

वाचन कक्षातल्या काकांनी बदललेली नावं परत आणायला शनिवारचा बॅकअप कामी आला. तो वेगळ्या यूएसबी डिस्कवर होता. रेड होतं तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण चुकीचं नावही त्याने इमानाने दोन्ही डिस्कवर लिहिलं. चेकसम, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळवून १४० च्या १४० सापडल्या. काकांना रागवायला मन झालं नाही. 'स्कॅन शून्य शून्य आठ सात' हे काय नाव झालं, असं त्यांचं म्हणणं, आणि मुखपृष्ठ बघून बघून त्यांनी प्रत्येक अंकाला साल आणि नाव दिलं होतं. त्यांच्या दोन दुरुस्त्या तर बरोबर होत्या, आमच्या यादीत साल चुकलं होतं.

म्हणून आता वाचन कक्षात त्यांच्यासाठी एक वही ठेवली आहे. सर्व्हरवर लिहायचं नाही, वहीत लिहायचं, रविवारी मी बसून यादीत चढवते. परवाची नोंद: "८७. हा दिवाळी अंक नव्हे. मुखपृष्ठ फाटलंय, पण आत हापूसच्या पेट्यांची जाहिरात आहे. वसंत अंक असावा. तपासणे."