"दादा नाहीत का दुकानात?"

सांगलीत माधवनगर रोडला आमचं मेडिकल आहे. फार्मासिस्ट मी, परवाना माझ्या नावाचा, काउंटरवर सकाळपासून मीच. मिस्टर होलसेलवाल्यांकडची धावपळ बघतात आणि संध्याकाळी दुकानात बसतात. तरी ठरावीक काही गिऱ्हाइकं अशी, की पायरी चढली की आधी माझ्या मागं आत डोकावणार आणि विचारणार, "वहिनी, दादा नाहीत का दुकानात?" नाहीत म्हटलं की, "बरं, येतो मग." मला कळतं, तक्रार कमरेखालची आहे. बायकांचं उलटं. दादा आत गेलेत ना, हे बघून, गर्दी ओसरली की त्या हळूच म्हणणार, "उन्हाळी लागलीय ओ, कायतरी द्या."

लघवीच्या दुखण्यात माणसं डॉक्टरकडे कधी जातात, हे मी काउंटरवरून बघत आलेय. सहन होईनासं झालं की जातात. दुखत नसेल तर जातच नाहीत. आणि नेमका हाच हिशेब इथं चुकतो. जीव नकोसा करणारा बारका खडा पुष्कळदा आपोआप पडून जातो, आणि काडीचं न दुखणारं काहीतरी आत महिनोन्महिने वाढत राहतं.

आधी उन्हाळीचं, म्हणजे लघवीच्या जळजळीचं सांगते. सिरप किंवा पाण्यात विरघळवायची पुडी मागतात, ती लघवीतलं आम्ल कमी करते. जळजळ थांबते, पण जंतू जागच्या जागीच असतात. मग "मागच्या वेळच्या त्या गोळ्या दोनच द्या" सुरू होतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मी देत नाही, म्हणून काही जणी रागावून पुढच्या दुकानात गेल्यात, जाऊ देत. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. पहिल्या वेळेला फॅमिली डॉक्टर पुरे. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा तेच झालं, तर युरोलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या दुखण्यांच्या सर्जनला दाखवायलाच हवं, कारण मागं खडा असू शकतो, मूत्राशय नीट रिकामं होत नसेल, आणखीही काही असेल. लघवी कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत ते तपासायला, द्यायची ती अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. गोळ्या चालू असताना दिली तर रिपोर्टमध्ये बऱ्याचदा काहीच सापडत नाही. जळजळीसोबत थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाईनं तर साध्या उन्हाळीलाही घरचे उपाय करत बसू नये.

युरोलॉजिस्ट म्हणजे पुरुषांचा डॉक्टर, असं आपल्याकडे घट्ट बसलंय. पुरुषांच्या खास तक्रारी त्यांच्याकडे जातात हे खरं. पण किडनी, किडनीतून खाली येणारी नळी, मूत्राशय आणि लघवीची वाट ही बाईलाही असते आणि लहान पोरालाही. खोकला आला, शिंकलं की थोडी लघवी होते, म्हणून लग्नाला जायचं सोडलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. सॅनिटरी पॅड घेतात आणि "वयच झालं" म्हणतात. याला व्यायाम आहेत, औषधं आहेत, लागलंच तर ऑपरेशन आहे. नुसतं वयावर ढकलून कशाला बसायचं?

दुसरा घोळ किडनीच्या डॉक्टरचा. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलं, पायावर सूज, शुगर-बीपीनं किडनीवर परिणाम, डायलिसिस, हे नेफ्रोलॉजिस्टचं काम. ते फिजिशियन. युरोलॉजिस्ट हा सर्जन. एमबीबीएसनंतर तीन वर्षं जनरल सर्जरी आणि त्यावर आणखी तीन वर्षं एम.सी.एच. बोर्डावर ते एम.सी.एच. आहे का बघा. आपल्या भागाला तसं नशीबवानच म्हणायचं. 1894 साली मिरजेत वानलेस हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून कर्नाटकातनंसुद्धा पेशंट रेल्वेनं मिरजेला येतात, आणि आपण पाच मैलांवर राहून खड्याला पानफुटी खात बसतो.

खड्याचं दुखणं मी घरातच बघितलंय, दीराला झालं होतं. अपेंडिक्सचा माणूस पोट धरून गप पडतो. खड्याचा माणूस एका जागी बसत नाही. उठतो, बसतो, भिंतीला पाठ लावतो, ओकतो. कळ पाठीतनं सुरू होऊन जांघेत उतरते. सासूबाईंनी हुलग्याचं माडगं केलं. माडग्याला मी नाव ठेवणार नाही, पातळ असतं, पोटात पाणी जातं. पण त्यानं खडा विरघळत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते कुठल्याच गोळीनं विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचे तेवढे औषधानं विरघळू शकतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा नळीत आला असेल तर बहुतेक वेळा आपोआप पडतो. दीराचा पडला. सोनोग्राफीचा कागद घरात सगळ्यांनी वाचून काढला होता, आकडा कळला तेव्हा सासरे म्हणाले, "एवढ्याशासाठी एवढा दंगा?"

याच खड्यावरनं मध्यंतरी दुकानात वादही झाला. एक जण तणतणत आला, चिठ्ठी काउंटरवर आपटली. "ताई, माझ्या मंडळींना ह्या डॉक्टरनं पुरुषांची गोळी लिहिलीया! मोबाईलवर बघितलं मी, प्रोस्टेटची हाय." गोळी टॅमसुलोसिन. प्रोस्टेटला, म्हणजे पुरुषांतल्या त्या ग्रंथीला देतात हे बरोबर. पण किडनीच्या नळीचा खालचा भाग त्यानं सैल पडतो, म्हणून तिथं अडकलेला खडा उतरायला ती बाईलाही देतात. हे मी सांगितलं तरी त्याचा विश्वास बसेना, शेवटी माझ्याच फोनवरून डॉक्टरांशी बोलायला लावलं. एक सांगायचं राहिलं होतं ते मी सांगितलं, की ही गोळी घेऊन झटक्यात उठू नका, चक्कर येते.

आता खड्यातली खरी भीती. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. तो तिथंच अडकून बसतो, दुखायचं थांबतं, आणि वर किडनी फुगत जाते. म्हणून दुखो न दुखो, पुन्हा तपासणी करायचीच. आणि खडा अडकलेला असताना ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर माणूस तासांत हातचा जाऊ शकतो. लघवी अजिबात थांबली तरी तसंच.

मोठा खडा असेल तर आता सहसा पोट फाडत नाहीत. बाहेरून धक्के देऊन फोडतात, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेसरनं फोडतात, नाहीतर पाठीत छोटं भोक पाडून काढतात. कुठं आहे, केवढा आहे, यावर ठरतं. महात्मा फुले योजनेत यातल्या शस्त्रक्रिया बसतात, रेशनकार्ड घेऊन आधी विचारून घ्या. ऑपरेशननंतर बऱ्याचदा आत स्टेंट म्हणजे बारीक नळी ठेवतात, ती काढायची असते. त्रास नाही म्हणून माणसं विसरतात, आणि मग त्या स्टेंटवरच खडे धरतात. घरी आल्या आल्या कॅलेंडरवर तारीख लिहा.

आता म्हाताऱ्या माणसांचं, इथं माझ्या धंद्याचा थेट संबंध येतो. थंडीत सर्दीची गोळी मागायला सत्तरीचं कोणी आलं की मी विचारते, "मामा, लघवीला जोर करावा लागतो का?" चारचौघांत विचारलं म्हणून एक रिटायर गुरुजी माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. पण त्या गोळीत फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी लघवीच्या नळीभोवती बसलेली ग्रंथी, वयानुसार वाढते आणि पाइपाला बाहेरून शिकंजा बसावा तशी नळी आवळते. गोळीतलं एक औषध तिथला स्नायू आणखी आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. मग रात्री दोनला लघवी तुंबते, पोट दगडासारखं, आणि नळी घालायला ॲम्ब्युलन्स. हे त्याच गुरुजींच्या शेजाऱ्यांचं झालं. त्यांनी गोळी दुसरीकडून आणली होती. त्यानंतर गुरुजी बोलायला लागले.

धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री चार-चारदा उठावं लागतं, झाल्यावरही उरल्यासारखं वाटतं, तर युरोलॉजिस्टकडे जावं. गेलं की ऑपरेशनच, असं नाही. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर वर्षानुवर्षं चालतं. सोनोग्राफीत ग्रंथीचं वजन किती ग्रॅम आलं यावर पारावर चर्चा चालते, पण लघवी करून आल्यावर आत किती शिल्लक राहिली, तो आकडा जास्त कामाचा. आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी आपल्या मनानं करून घाबरून जाऊ नका. लघवीत जंतू असले, नळी घातलेली असली, तरी तो वाढतो. वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही. पण वाढलेला कागद कपाटात ठेवून गप्प बसायचं, असंही नाही.

लघवीतून रक्त. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. दुखत नाही, एकदा लाल होते, दुसऱ्या दिवशी साफ. "उष्णता झाली असेल," म्हणून सब्जा खातात. बीट खाल्लं होतं का, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, हे मी विचारते, कारण त्यानंही रंग बदलतो. यातलं काही नसेल, तर एकदाच झालं असलं तरी, थांबलं असलं तरी, दाखवायचं. विशेषतः पन्नाशीच्या पुढं आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी. धुरातली विषारी द्रव्यं किडनी गाळते आणि ती मूत्राशयात साठून राहतात, तिथल्या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून झालं असेल, अशी स्वतःची समजूतही घालू नका.

एका बाबतीत मात्र दुखणं खरं बोलतं. दहा-पंधरा वर्षांच्या पोराच्या अंडकोशात एकदम जोरात दुखायला लागलं, उलटी झाली, तर पीळ बसलेला असू शकतो. सहा तासांच्या आत सोडवला तर अंड वाचायची आशा जास्त. पोरं लाजेनं "पोट दुखतंय" एवढंच सांगतात. आईनं नाहीतर बापानं सरळ विचारावं, आणि माझ्याकडे पेनकिलरला न येता गाडी काढावी. बाळाचं एखादं अंड खाली उतरलेलं नसेल, तर तेही सहा महिन्यांनंतर दाखवावं, शाळेत जाईपर्यंत थांबू नये.

पहिल्यांदा जाताना जुन्या सोनोग्राफीचे कागद न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या, नुसती "पांढरी, बारकी" असं सांगून भागत नाही. आणि धारेची तक्रार असेल तर लघवी लागलेली असतानाच पोचा. तिथं यंत्राच्या भांड्यात लघवी करायला लावून धार मोजतात. तासगावकडून येणारे स्टँडवर उतरले की आधी मोकळे होतात, आणि मग दवाखान्यात बाटलीमागून बाटली पाणी पीत बसतात.