दोन्ही मोजली जातात

15 मार्च 2016 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या रिपब्लिकन मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदा नव्हे, दोनदा मत द्यायचं होतं. एका रकान्यात अख्ख्या राज्यातून निवडायचे डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी. दुसऱ्या रकान्यात आपापल्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मतदारसंघातले डेलिगेट. नावं मात्र दोन्हीकडे तीच. ट्रम्प, क्रूझ, केसिक, रुबिओ, आणि शिवाय शर्यत सोडून केव्हाच घरी बसलेले बुश, कार्सन, क्रिस्टी वगैरे. परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका दीड महिना आधी पाठवाव्या लागतात, त्यामुळे छपाईनंतर माघार घेणाऱ्याचं नाव तसंच राहतं. मी मतदान केंद्रावर मतपत्रिका देत होते; दहा वाजेपर्यंत निदान दहा जणांनी तरी मला विचारलं असेल, ‘हे छापताना चुकून दोनदा आलंय का?’

चुकून नव्हतं. 2012 मध्ये दोन्ही रकान्यांना काम होतं. ओहायोचे 66 डेलिगेट. त्यातले 48 मतदारसंघांचे, 16 मतदारसंघांत प्रत्येकी तीन. जो मतदारसंघ जिंकेल त्याला तिथले तीन. त्या वर्षी सँटोरम या उमेदवाराच्या माणसांनी तीन मतदारसंघांत डेलिगेटांची यादीच भरली नव्हती, इतर काही ठिकाणी अर्धवट भरली होती. म्हणजे तिथे मतं पडूनही पदरात काही पडणार नव्हतं. पुढे 2015 मध्ये राज्याने प्रायमरीची तारीख 8 वरून 15 मार्चवर ढकलली. राष्ट्रीय पक्षाचा नियम असा होता की मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मतदान घेणाऱ्या राज्यांनी डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे. 15 तारखेपासून पुढे ‘जिंकेल त्याला सगळे’ चालेल. तारीख हलली आणि त्याच वर्षी राज्य पक्षाने ‘जिंकेल त्याला सगळे’ हा नियम घेतला. ज्या गव्हर्नरने तारखेच्या कायद्यावर सही केली, तोच गव्हर्नर केसिक पुढे उमेदवार होता. ज्याला जो अर्थ काढायचा त्याने काढावा.

आता 66 च्या 66 डेलिगेट राज्यभराच्या रकान्यात जो पहिला येईल त्याला जाणार होते. मतदारसंघाच्या रकान्यातली मतं मोजायची, छापायची, जाहीर करायची, आणि त्यांनी काहीही ठरणार नव्हतं. तरी रकाना राहिला, कारण कायद्यातली मतपत्रिका जुनीच होती. आणि हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मी सिनसिनाटी भागातल्या एका केंद्रावर मतपत्रिका देणाऱ्या टेबलाशी होते. इथे केंद्रावरचे कर्मचारी पक्षवार घेतात. एकाच पक्षाचे निम्म्याहून जास्त चालत नाहीत, आणि केंद्रप्रमुख त्या पक्षाचा, ज्याच्या गव्हर्नर-उमेदवाराला त्या भागात मागच्या खेपेला जास्त मतं पडली. आमच्या भागात अर्थातच रिपब्लिकन; प्रमुख बाई त्याच पक्षाच्या, निवृत्त शिक्षिका. माझी नेमणूक डेमोक्रॅट कोट्यातून. पुढची गोष्ट कळायला हे ध्यानात ठेवायला हवं.

बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात अशा थोड्या गोष्टी सांगते. साडेसहाला दार उघडायच्या आधी दारापासून शंभर फुटांवर दोन छोटे अमेरिकन झेंडे रोवायचे. त्यांच्या आत प्रचार बंद, टोपीवरचं नावसुद्धा चालत नाही. सकाळी अकराला आणि दुपारी चारला मतदारयादीवर मत देऊन गेलेल्यांच्या नावापुढे खुणा करून ती यादी दाराशी लावायची. ती बघून उमेदवारांची माणसं न आलेल्यांना फोन करतात. ओळखपत्रावर पत्ता जुना असला तरी ओहायोचा वाहन परवाना चालतो, आणि यावर दर निवडणुकीत कुणीतरी नवखा कर्मचारी मतदाराला उगाच परत पाठवू बघतो. आणि पक्ष बदलणाऱ्यांचा एक फॉर्म असतो, टेन-एक्स. मागच्या खेपेला डेमोक्रॅट मतपत्रिका घेतलेल्याने आज रिपब्लिकन मागितली की त्याला आव्हान देता येतं. मग या पक्षाची तत्त्वं आपल्याला मान्य आहेत असं त्याने सहीनिशी लिहून द्यायचं. त्या दिवशी असे पुष्कळ आले. राज्यात जवळजवळ 20 लाख लोकांनी रिपब्लिकन मतपत्रिका घेतली, डेमोक्रॅट साडेबारा लाखांच्या आत राहिले. ट्रम्पसाठी आलेले किती आणि ट्रम्पला अडवायला आलेले किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तत्त्वं मान्य असल्याच्या सहीला त्या दिवशी किती अर्थ होता, हेही नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक गृहस्थ आले. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात चार घड्या घातलेला कागद. रिपब्लिकन मतपत्रिका घेऊन आडोशाला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते थेट मशीनशी. मशीनने कागद आत घेतला आणि पडद्यावर सूचना दिली: एका जागेसाठी एकाहून जास्त खुणा. अशा वेळी मतदाराला दोन वाटा असतात. तसाच टाकायचा, मग तेवढ्या रकान्यातलं मत बाद आणि बाकीचं धरलं जातं. किंवा कागद परत घेऊन नवा मागायचा. जुना त्याने मजकूर दिसणार नाही असा घडी घालून द्यायचा, आम्ही पाठीवर ‘डिफेस्ड’ लिहून वेगळ्या पाकिटात ठेवायचा. कायद्याने दुसरी मतपत्रिका मिळते, तिसरीही मिळते, चौथी नाही.

त्यांनी नवी मागितली, आणि देता देता माझ्याशी बोलू लागले. मी ‘सर, कुणाला मत दिलंत ते सांगू नका’ म्हणेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. राज्याच्या रकान्यात आधी क्रूझ, मग विचार बदलला म्हणून केसिक, पहिल्या खुणेवर फुली. मशीनला फुली कळत नाही, तिला दोन्ही जागा काळ्या दिसतात.

खिशातल्या कागदावर त्यांचा हिशोब होता. एक तारखेच्या सुपर ट्यूजडेपासून, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकदम मतदान झालं त्या दिवसापासून, मांडत आलेला असावा. क्रूझ हा खरा कॉन्झर्व्हेटिव्ह. 2013 ला सरकार ठप्प झालं तरी मागे हटला नाही. न्यायमूर्ती स्कालिया फेब्रुवारीत वारले होते, सर्वोच्च न्यायालयातली जागा रिकामी होती, आणि तिथे कोण बसणार हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न. त्यातही क्रूझवर भरवसा. केसिकवर राग. 2013 मध्ये त्याने ओबामाकेअर कायद्यातली मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, वाढवून घेतली, तीही विधानसभेला बगल देऊन, एका नियंत्रण मंडळाकडून. पण 1997 च्या संतुलित अर्थसंकल्पात त्याचा हात होता आणि राज्य त्याने बरं चालवलं, हेही लिहिलेलं. रुबिओपुढे फक्त ‘इमिग्रेशन, आठ जणांची टोळी’, म्हणजे 2013 च्या स्थलांतर विधेयकामागचे आठ सिनेटर, त्यातला हा एक. ट्रम्पपुढे प्रश्नचिन्ह, मोठं. आदल्याच रविवारी तो शेजारच्या वेस्ट चेस्टरला सभा घेऊन गेला होता. यांच्या गल्लीतली बरीच माणसं तिकडे गेली होती.

ओहायोत ट्रम्पला हरवू शकेल असा एकटा केसिकच, हे पाहण्या सगळ्या सांगत होत्या. रुबिओच्या प्रचाराने तर चार दिवस आधी उघड सांगितलं होतं की इथे आमच्या लोकांनी केसिकला मत द्यावं. तेव्हा या गृहस्थांनी दोन रकाने बघितले आणि त्यांना तोडगा सापडला. मनातलं मत एका रकान्यात, ट्रम्पला अडवणारं दुसऱ्यात. त्यांना वाटलं, मतपत्रिका काढणाऱ्यांनी आपल्यासारख्यांची ही सोयच करून ठेवलीय.

त्यांनी मला विचारलं, ‘खरं मोजतात ते कोणतं?’

त्यांच्या बोलण्यावरून मला कळलेलं होतं की आता क्रूझ वर, राज्याच्या रकान्यात, आणि केसिक खाली, मतदारसंघाच्या रकान्यात टाकायचा विचार आहे. म्हणजे नेमकं उलटं. अडवायचं मत जिथे पडणार होतं तिथे त्याला काडीची किंमत नव्हती. हे मला पेपरात वाचून ठाऊक होतं. प्रशिक्षणात याचा उल्लेखही नव्हता; तिथे एवढंच शिकवतात की मतपत्रिकेवरची सूचना वाचून दाखवा, अर्थ सांगू नका. मदत हवी असेल तर दोन वेगवेगळ्या पक्षांच्या दोन कर्मचाऱ्यांनी मिळून करायची. त्यात मी डेमोक्रॅट कोट्यातली. मी ‘वरचा रकाना महत्त्वाचा’ म्हणाले असते आणि मागे उभ्या असलेल्या कुणी ऐकलं असतं, तर ‘डेमोक्रॅट बाईने म्हाताऱ्याला केसिककडे वळवलं’ असाच त्याचा अर्थ झाला असता.

मी केंद्रप्रमुख बाईंना बोलावलं. त्या आल्या, प्रश्न ऐकला आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या, ‘दोन्ही मोजली जातात, सर. प्रत्येक रकान्यात एकच खूण करा.’

शब्दन् शब्द खरा. दोन्ही मोजली जातातच. मशीन दोन्हींची बेरीज करतं, दोन्ही अहवालात जातात. गृहस्थांना प्रश्न विचारायचा होता ‘कशाने ठरतं’, आणि त्यांनी विचारलं ‘मोजतात कोणतं’. बाईंनी विचारलेल्याला उत्तर दिलं. वर्गात प्रश्नाबाहेरचं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापणाऱ्या शिक्षिका असाव्यात. त्यांचा हेतू वाकडा नव्हता, हे मी खात्रीने सांगते. डेलिगेट कसे वाटायचे हा पक्षाचा मामला, आपण काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाराची माणसं, ही त्यांची भूमिका आणि ती नियमाला धरून आहे. नंतर त्यांनी मला हेही सुनावलं की आज एका रकान्याचं सांगितलं तर उद्या प्रत्येक जण ‘माझं मत फुकट जाईल का’ विचारेल, आणि त्याचं उत्तर देणं म्हणजेच प्रचार.

गृहस्थ ‘थँक यू, मॅम’ म्हणून आडोशाला गेले. दुसरी मतपत्रिका मशीनने मुकाट घेतली. काय केलं, कोणाला दिलं, ते मला माहीत नाही आणि माहीत असायला नको.

त्या दिवसातलीच दुसरी भानगड याच गाठीची होती. ओहायोत नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलांना प्रायमरीत मत देता येतं, पण राज्याच्या निवडणूक सचिवांनी त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी मनाई केली होती. युक्तिवाद काय? मुलांना उमेदवार ‘नामांकित’ करता येतो, कुणाला ‘निवडून’ देता येत नाही. आणि मतपत्रिकेवर आपण राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत नसून डेलिगेट निवडून देत असतो. 11 मार्चला कोलंबसच्या न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि मुलांना राष्ट्राध्यक्षपदासाठीही मत देता आलं. म्हणजे सरकारला गरज पडली की मत डेलिगेटला, आणि डेलिगेट कसे वाटतात हे मतदाराने विचारलं की तो पक्षाचा खाजगी प्रश्न. हे मला अजून पचत नाही.

संध्याकाळी आणखी गोंधळ. आय-275 महामार्गावर ओहायो नदीच्या पुलावर अपघात होऊन रस्ता बंद पडला, आणि एका संघीय न्यायाधीशांनी सिनसिनाटी भागातल्या चार काउंट्यांतली केंद्रं साडेसातऐवजी साडेआठपर्यंत चालू ठेवायला सांगितली. निरोप पोचेपर्यंत काही ठिकाणी मशीनं बंदही झाली होती. जादा तासात आलेल्यांना थेट मशीनवर मत देता येत नाही. 2002 च्या संघीय कायद्याने त्यांची मतं प्रोव्हिजनल, म्हणजे लखोट्यात घालून, वेगळी ठेवायची. वेळेत रांगेत असलेला कोण आणि उशिरा आलेला कोण, हे वेगळं करायला साडेसातच्या ठोक्याला रांगेच्या शेवटी एक कर्मचारी उभा करावा लागतो. तो उभा नसेल तर पुढचा सगळा ताळमेळ बिघडतो.

ताळमेळ असा: सह्यांची संख्या बरोबर मशीनमधले कागद अधिक प्रोव्हिजनल लखोटे, आणि वापरलेल्या, बाद केलेल्या, उरलेल्या मतपत्रिका मिळून सकाळी मोजून घेतलेला आकडा. जुळला की मशीनमधून निकालाची छापील पट्टी काढायची, सगळ्यांनी सह्या करायच्या, एक प्रत दारावर. पट्टीवर रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षपद दोनदा येतं. आमच्या पट्टीवर दोन ठिकाणचे आकडे सारखे नव्हते. क्रूझचे वेगळे, केसिकचे वेगळे. काहींनी दुसरा रकाना कोरा सोडला, काहींनी दोन नावं वाटून दिली. त्या एका गृहस्थांचंच डोकं असं चाललं होतं असं नव्हे.

केसिक 47 टक्क्यांच्या आसपास, ट्रम्प 36; अकरा टक्क्यांचं अंतर. सगळे 66 केसिकला. त्याला जिंकता आलेलं हे एकच राज्य. इंडियाना राज्यातल्या प्रायमरीनंतर 3 मेला क्रूझने आणि 4 ला केसिकने माघार घेतली, तेव्हा एका मताचा प्रश्न कुठे उरला, असं कुणी म्हणेल. हिशोबाने खरं आहे. पण टेबलापलीकडे बसलेल्याला मतदाराच्या प्रश्नाचं काय करायचं, हे त्या फरकाने सुटत नाही.

पुढच्या प्रशिक्षणात मी हा प्रसंग, कुणाचं नाव न घेता, मांडला. उत्तर आलं: सूचना वाचून दाखवा. मी एक वाक्य सुचवलं होतं, भिंतीवर लावायला: ‘दोन्ही रकान्यांतल्या मतांची नोंद होते. डेलिगेटांचं वाटप पक्षाच्या नियमाने होतं. तो नियम पक्षाने प्रसिद्ध केलेला आहे.’ यात कुणाची बाजू नाही, वर-खाली नाही, फक्त प्रश्न कुठे विचारायचा ते आहे. प्रमुख बाईंचं म्हणणं, हे वाचून लोक टेबलाशी येऊन आणखी विचारतील आणि रांग अडेल. अडेल खरी. दर मतदारामागे अर्धा मिनिट धरला तरी सकाळच्या गर्दीत रांग दारापलीकडे जाते, आणि पावसात उभं राहून कंटाळून परत गेलेल्याचं मतही फुकटच जातं. म्हणून ते वाक्य भिंतीवर नको, रांग जिथे सुरू होते तिथे, दाराबाहेर, नमुना मतपत्रिकेशेजारी लावावं, असं मी दुसऱ्यांदा लिहून दिलं आहे. उत्तर यायचं आहे.