बंद पडली तर?

सोसायटीच्या गेटवर, पेट्रोल पंपावर, कुणाच्या लग्नात शेजारच्या खुर्चीवर, जो भेटेल तो आधी हेच विचारतो: "एवढी जुनी गाडी घेऊन त्या घाटातल्या आडरस्त्यांनी कशाला फिरता? मध्येच बंद पडली तर?" निम्म्या लोकांना उत्तर नको असतं, एक चक्कर मारायची असते. पण तुम्ही खरंच काळजीनं विचारलंत, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

आधी गाडीविषयी. 1982 ची येझदी मोटारसायकल, 250 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2022 पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्यात, पण त्या फोर-स्ट्रोक. नाव सोडलं तर नातं फारसं नाही. हिचा गिअरचा आणि किकचा दांडा एकच, तोही डाव्या बाजूला. आत दाबून फिरवला की तो किक होतो. नवा माणूस उजवीकडे किक शोधत बसतो आणि मी मजा बघत उभा राहतो.

लोक हिला विंटेज म्हणतात. सरकार म्हणत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप न बदललेली गाडीच विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. त्या हिशेबात माझी गाडी अजून वयात यायची आहे. तोवर दर पाच वर्षांनी आरटीओ, फेरनोंदणी, पर्यावरण कर आणि खिडकीमागच्या माणसाची ती "अजून चालते?" अशी नजर.

आता तुमचा प्रश्न. आडरस्ता मी निसर्गप्रेमानं निवडत नाही. डोंगर मला आवडतात, पण ते कारण नव्हे. ही गाडी ज्या वेगासाठी आणि ज्या रुंदीच्या रस्त्यांसाठी बनली, ते रस्ते आता आडबाजूलाच उरलेत. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, पुढं सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा, आणि ताशी 50 ला ती खरी सुखात असते. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, त्याचं मला दुःख नाही. पण इतर हायवेवरही मागून 90 नं येणारा ट्रक आणि 50 नं जाणारा मी, हा फरकच जीवघेणा. पुढच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला तर तिच्याइतक्या अंतरात माझी थांबत नाही. बंद पडण्याची भीती तुम्हाला घाटात वाटते, मला ती हायवेच्या तिसऱ्या लेनमध्ये वाटते.

माझा आवडता फेरा भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, वाई आणि मांढरदेवीवरून परत भोर. एका दिवसात होतो, पण मी मध्ये मुक्काम करतो. पुण्याहून पहाटे निघून कात्रजचा जुना घाट चढायचा, नव्या बोगद्याच्या वाटेला जायचं नाही. पुढं खेड-शिवापूरवरून कापूरहोळपर्यंत सातारा हायवेला पर्याय नाही. तेवढं अंतर जीव मुठीत धरून डाव्या कडेनं. कापूरहोळला हायवे सुटला की खांदे आपोआप खाली येतात.

भोरला टाकी भरायची. इथं एक कारभार असतो तो तरुण पोरांना नवलाचा वाटतो: टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. माझा मिस्त्री लिटरला 40 मिली सांगतो, म्हणजे पाच लिटरला 200. पूर्वी पंपावर या तेलाचं, म्हणजे टू-टीचं, वेगळं यंत्र असायचं, दांडा दाबला की तेल टाकीत. आता मी बाटली आणि मापाचा पेला बरोबर ठेवतो. त्यात इथेनॉलचं पेट्रोल आलं. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, चिरतात आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर ओल धरून टाकी आतून गंजते. म्हणून पाइप बदलून घेतले आणि जूनपासून टाकी रिकामी ठेवतो. पावसाळ्यात तसाही वरंध्याला जात नाही. दरडींमुळं प्रशासन घाट बंद करतं, आणि 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं ते याच डोंगररांगेत. पावसातला घाट बघायची हौस असणाऱ्यांनी हे एवढं आठवावं. मी दिवाळीनंतर जातो.

भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. रस्ता पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जातो, चढ हळू, वळणं सावकाश. तिसऱ्या गिअरात गाडी एका लयीत चालते आणि मध्येच पाण्यापलीकडून तिचाच आवाज परत येतो. वस्त्या तुरळक. गवत पिवळं पडलेलं, भात झोडून झालेला, कुठं पेंढ्याच्या उडव्या. घाटमाथ्यावर वाघजाईचं देऊळ, चहा-भज्यांच्या टपऱ्या आणि माकडं. माकडांना हँडलला अडकवलेली पिशवी हवी असते, गाडीच्या वयाशी त्यांना घेणंदेणं नसतं. जवळच कावळ्या किल्ला. त्याच्या अंगाला चिरूनच हा रस्ता पलीकडं काढलाय.

भजी खाऊन लगेच उतरायला लागायचं नाही, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. टू-स्ट्रोकचं सगळं तेल पेट्रोलबरोबर आत जातं. लांबलचक उतारावर तुम्ही ॲक्सिलेटर मिटून गाडी गिअरात सोडलीत, की चाकं इंजिनाला गरागरा फिरवतात आणि आत पेट्रोल जवळजवळ नाही, म्हणजे तेलही नाही. पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन पकडतं. मागचं चाक जागच्या जागी जाम. म्हणून उतरताना मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची, घोटभर तेल पाजायचं. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिनाचा रोध कमी, त्यामुळं भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापले की लिव्हर कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. दोन-चार वळणांनंतर कडेला घेऊन चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघायचं, चटका बसेलसं वाटलं तर थांबायचं. तापल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो वाकडा होतो.

वरंधा घाट मी पाहिलाय तो या थांब्यांमुळं. ड्रम निवेपर्यंत बसायला कठडा असतो, समोर कोकणाच्या बाजूचे कडे, खाली शिवथरचं खोरं. नव्या गाडीवर डिस्क ब्रेकच्या जोरावर मी तिथं थांबलोच नसतो, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे.

घाट उतरलात की सगळं सुंदर राहतं असं मात्र समजू नका. बिरवाडीजवळ महाडची एमआयडीसी लागते, रसायनांचा वास नाकात बसतो. मग महाड ते पोलादपूर मुंबई-गोवा महामार्ग. अंतर थोडंच, पण रुंद, गुळगुळीत आणि माझ्या दृष्टीनं अख्ख्या फेऱ्यातला सर्वांत वाईट तुकडा. पोलादपूरला वळून आंबेनळीला लागलो की सुटलो. हा पाऊण दिवसाचा थकवा घेऊन चढायचा लांब घाट, प्रतापगडाच्या पायथ्यावरून महाबळेश्वरापर्यंत चाळीसेक किलोमीटर. इथं भीती उलटी: इंजिन तापण्याची. आवाज कोरडा, पत्र्यासारखा यायला लागला, ओढ कमी झाली की मुकाट सावली शोधायची.

तर, बंद पडली तर? पडते की. बहुतेक वेळा प्लग काळा पडतो किंवा ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटवर कचरा बसतो. सीटखालच्या पेटीत प्लग, प्लगपाना, पॉलिश पेपर, फट मोजायचं फिलर गेज, क्लच वायर, चेन लॉक आणि एक ट्यूब असते. एवढ्यात नव्वद टक्के आजार बरे होतात, तेही चहा थंड व्हायच्या आत. नवी गाडी बंद पडली तर मीटरवर एक दिवा लागतो आणि तुम्ही फोनला रेंज शोधता. शिवाय आडरस्त्याला माणूस थांबतो. पिकअपवाला, एसटीचा चालक, गुरं घेऊन निघालेला आजोबा. त्यातल्या एखाद्याकडं कधीकाळी राजदूत नाहीतर येझदी असतेच आणि मग तो मला बाजूला सारून स्वतःच किक मारायला लागतो. हायवेवर नुसते हॉर्न.

धुराचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या भाचीनं विचारलं. तिचं बरोबर आहे. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, पाठीमागून निळा धूर दिसतो तो तेलाचा. मायलेजही पंचवीस-तीसच्या पुढं जात नाही. पीयूसी असणं हे त्याला उत्तर नव्हे. रोज ऑफिसला मी ही गाडी नेत नाही, एवढंच म्हणू शकतो, आणि तिला ते पुरेसं वाटलं नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. वरंध्याच्या रस्त्यालाही आता राष्ट्रीय महामार्गाचा नंबर लागलाय, 965 डीडी, आणि रुंदीकरण चालू आहे. महाडकरांना तो हवा, त्यांचं दवाखान्याचं आणि बाजाराचं अंतर तुटतं. माझ्या हौसेसाठी तो अरुंद राहावा असं म्हणायचा मला अधिकार नाही. ताम्हिणी घाट मी असाच सोडला, शनिवार-रविवारच्या मोटारींपुढं. सध्या मांढरदेवीचा घाट आणि वाईकडचे फाटे धुंडाळतोय. डांबर जुनं असेल तरी चालेल, पण मध्ये कुठंतरी चहा हवा आणि उतार फार लांब नको. तुमच्या गावाकडं असा एखादा असेल तर सांगा.