तोडायचंच होतं तर बनवलं कशाला?

जिवाणू आपली प्रथिनं कशी तोडतात यावर मी काम करते, असं सांगितलं की एम.एस्सी.ची मुलं हमखास विचारतात, "मॅडम, पेशी एवढी ऊर्जा घालून प्रथिन बनवते आणि दोन मिनिटांत तोडते. हा वेडेपणा नाही का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहायला घेतलं.

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधलं सिग्मा-एस घ्या. उपासमारीत शेकडो जनुकं चालू करणारं हे प्रथिन. खायला मुबलक असताना त्याचं काहीच काम नसतं. तरी पेशी ते बनवत राहते, आणि दीड-दोन मिनिटांत निम्मं तोडूनही टाकते. एरवी आरएसएसबी नावाचं प्रथिन सिग्मा-एसला धरून क्लिप-एक्सपी या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रापाशी नेतं. फॉस्फेट संपलं की इरा-पी नावाचं चिमुकलं प्रथिन येतं आणि त्या आरएसएसबीलाच अडकवून ठेवतं. झालं, सिग्मा-एस साठू लागलं! मोरीतला नळ चालूच होता, फक्त भोकाला बोळा बसला. आयत्या वेळी जनुकापासून सुरुवात करण्यापेक्षा हे कितीतरी झटपट. तोडलेली ॲमिनो आम्लं पुन्हा कामी येतात. ऊर्जा मात्र खरंच जाते. वेडेपणा म्हणा हवं तर, मला तो चोख व्यवहार वाटतो.

आता या क्लिप-एक्सपी यंत्राकडे बघा, क्लिप-पी आणि क्लिप-एक्स असे त्याचे दोन भाग. क्लिप-पीची १४ एककं, सात-सातची दोन कडी. कापण्याच्या जागा आत, पोकळीत. तोंड इतकं अरुंद की घडी घातलेलं प्रथिन शिरूच शकत नाही. क्लिप-एक्सचं सहा एककांचं कडं ते उलगडतं आणि आत ओढतं. गंमत अशी की प्रथिनाचे बंध कापायला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतच नाही. सगळा खर्च या उलगडण्या-ओढण्यावर.

दुसरं यंत्र लॉन. अतिनील किरणांनी डीएनए बिघडला की सुल-ए हे प्रथिन पेशीचं विभाजन रोखतं; दुरुस्ती झाली की लॉन सुल-एला संपवतं. लॉन नसलेला वाण अतिनील किरण दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघाच एकदा. एकेक पेशी लांबच लांब वाढलेली, मध्ये कुठे पडदा नाही. प्लेटवर त्याच्या वसाहती चकचकीत, ओल्या, बुळबुळीत, कारण बाहेरचं आवरण वाढवणारं आरसीएस-ए हेही प्रथिन कोणी तोडलेलं नसतं.

"याचा औषधाला काही उपयोग?" हा ठरलेला पुढचा प्रश्न. एडेप नावाची संयुगं क्लिप-पीचं तोंड क्लिप-एक्सशिवायच उघडतात. मग विभाजनासाठी लागणारं एफटीएसझेड हे प्रथिनसुद्धा आत जाऊन कापलं जातं आणि जिवाणू मरतो. एडेप क्लिप-पीवर काम करतं हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, एफटीएसझेडची गोष्ट २०११ मध्ये. दुकानात मागायला जाऊ नका, एडेपचं औषध अजून बाजारात आलेलं नाही.