आईच्या दोन गोळ्या

चार दिवस आईला जेवण जात नव्हतं, मळमळायचं, ट्यूबलाइट पिवळी दिसते म्हणायची. मी पित्त समजून कोकम सरबत देत राहिले. आज सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. पोटॅशियम 2.9! निदान 3.5 तरी हवं. पायांच्या सुजेसाठी सुरू झालेली लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर टाकते, आणि ते घटलं की हृदयाच्या ठोक्यांसाठीची डिगॉक्सिन नेहमीच्याच डोसमध्येही विषारी ठरू शकते. ठोके बिघडतात, जिवावर बेतू शकतं. दोन गोळ्या, दोन वेगळे डॉक्टर. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या, मीसुद्धा नाही. याचं फार वाईट वाटतंय. घरी कुणाला या दोन्ही चालू असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) कधी तपासलं ते उद्याच डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. आई ॲडमिट आहे, मॉनिटरवर. आत्ता झोपलीय.